चाळीस सेकंद

फिल्म तयार होती. लांबी ५२ मिनिटं, वेळ लागला ७ वर्षं. या ७ वर्षांत माझं पोट भरलं लग्नाच्या व्हिडिओंनी. सीझन संपला की तोच कॅमेरा खांद्याला अडकवून मी नागपूरच्या तांडापेठेत हजर. विषय होता एम्प्रेस या कापड गिरणीचे कामगार. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, २००२ ला बंद पडली. गांधीसागर तलावाच्या बाजूला तिच्या जागेवर आता मॉल आहे. माझे मुख्य पात्र असलेले काका ऐन वयात मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्राच्या मागावर होते आणि आता घरच्या हातमागावर बसतात.

काकांची एकच अट होती. फिल्म थिएटरात लावायची, तीही तिकीट काढून. "फुकटात दाखवशीन तं कोणी किंमत करत नाही वो."

तिकीट म्हटलं की सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं. महोत्सवांना बहुधा सूट मिळते, म्हणून मी तोवर तिकडे फिरकलेच नव्हते. २००४ च्या मुंबईतल्या माहितीपट महोत्सवाच्या वेळी भारतीय फिल्म्सकडे हेच प्रमाणपत्र मागितलं गेलं होतं. माहितीपट करणारे तेव्हा इतके खवळले की त्यांनी 'विकल्प' नावाचा वेगळा महोत्सवच भरवला. ही गोष्ट मी तरुणांना मोठ्या रुबाबात सांगायची. आता स्वतःच सेन्सॉर मंडळाच्या ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर खातं उघडून बसले होते.

अर्ज ऑनलाइन, शुल्क लांबीप्रमाणे. नागपुरात मंडळाचं कार्यालय नाही, आपल्याला मुंबईच. कथासार लिहिलं. मग रकाना आला गाण्यांचा: फिल्ममधल्या गाण्यांचे पूर्ण शब्द द्या. माझ्या फिल्ममध्ये गाणी नाहीत, असं मी लिहिणार होते, आणि काका आठवले. मागावर धोटा फेकता फेकता ते एक जुनं सिनेमाचं गाणं गुणगुणतात. ४० सेकंद. फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता तुकडा.

शब्द उतरवून काढले आणि एका वकील मैत्रिणीला सहज फोन केला. ती म्हणाली, "हक्क घेतलेस?" मी म्हटलं, अगं, गाणं साठ वर्षांहून जुनं आहे. तेव्हा कळलं की ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. आणि काका रेकॉर्ड वाजवत नव्हते, स्वतः गात होते. म्हणजे जे मोकळं झालं होतं ते माझ्या कामाचं नव्हतं, आणि जे कामाचं ते मोकळं नव्हतं. कायद्यात 'न्याय्य वापर' म्हणून एक कलम आहे, ५२ वं. त्याच्या भरवशावर थिएटरात जाशील का, असं तिने विचारलं. माझी छाती झाली नाही. हक्क असलेल्या कंपनीला मेल केला. तिकडून आलेला आकडा माझ्या कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होता.

परत तांडापेठ. काकांना म्हटलं, दुसरं काही गाता का? ते म्हणाले, "तुकडोजी महाराजांचं भजन म्हणतो, त्याले कोण अडवते?" मी मनातल्या मनात बोटं मोजली. महाराज १९६८ ला गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत तिथेही परवानगी मागायला हवी. मग तुकोबा? त्याला हरकत कोणाची असणार! कॅमेरा लावला. काका माग चालवायला लागले आणि थांबले.

"मागावर मी हे म्हणतच नाही. तू सांगून राहिली म्हणून म्हटलं, तं ते खोटं नाही का होत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा गुंडाळला.

बाकीच्या भानगडी त्यामानाने किरकोळ. तांडापेठेच्या गल्लीतून एक बकरी जाते, ४ सेकंद. फिल्ममध्ये जनावर दिसलं की पशू कल्याण मंडळाच्या कागदाचा प्रश्न येतो, आणि ते मंडळ हरियाणात, बल्लभगडला. बकरी कापली. म्हणजे एडिटवर.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, मात्र कापता येईना. काका पन्नीत खर्रा घोटत बोलतात, बोलत घोटतात. खर्रा काढायचा तर काकाच काढावे लागले असते. तंबाखू दिसला की सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, २० सेकंदांची वेगळी सूचना, शिवाय त्या त्या दृश्यात खाली पट्टी. माहितीपटाला सूट आहे, पण तो तंबाखूच्या दुष्परिणामांवरच असेल तर. ज्या पहिल्या फ्रेमवर मी वर्षभर घासाघीस केली होती, तिच्या आधी आता कॅन्सरचा पेशंट येणार. चिडचिड झाली खरी. पण नागपुरात राहून त्या संदेशाला नावं कोणत्या तोंडाने ठेवू? काकांच्या सोबत्यांपैकी दोघांचे जबडे गेलेले मीच शूट केलेत.

गाण्याचं शेवटी असं केलं: चित्र ठेवलं, आवाज काढला. मागाची खटखट वेगळी रेकॉर्ड करून त्याखाली लावली. काकांचे ओठ हलतात, ऐकू येतो फक्त धोटा. अर्जात गाण्याच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. मुंबईत फिल्म पाहिली गेली, 'यू' मिळालं, पुढचं भराभर झालं.

सकाळी ९ चा शो एका जुन्या थिएटरात भाड्याने घेतला. तिकीट २० रुपये. काकांनी स्वतःचं तिकीट काढलं, घरच्या पाच जणांची काढली, आणि मला म्हणाले, "तूही काढ."

४० सेकंदांचा तुकडा आला. खटखट, खटखट. मागून कोणी तरी ओरडलं, "आवाज गेला काय बे?"

"गेला नाही," तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "ओठ पाह्य ना त्याचे." आणि त्याने गाणं उचललं. मग शेजारच्याने. काकांनी खर्रा गालात सरकवला आणि दुसऱ्या कडव्यापासून तेही सुरू झाले. पडद्यावरचे काका तोवर संपले होते, पुढचं दृश्य लागलं होतं, पण रांगा काही थांबेनात. गेटवरचा पोरगा दार उघडून आत डोकावला आणि तिथेच उभा राहिला.