गाडीतला पावसाळा, लॉग ५: टॉवेलचा कुबट वास

मंडळी, मागच्या लॉगमधे छताच्या गळतीचं लिहिलं तेव्हाच सांगितलेलं की पुढचा विषय टॉवेल, तर आज बसलेच लिहायला. सलग पाच आठवडे झाले वास आलेला नाही, आणि त्यातले तीन आठवडे आम्ही साताऱ्याजवळच्या कास, बामणोली, ठोसेघर ह्याच पट्ट्यात होतो, म्हणजे ऐन ओलीतच राहिलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सेटअप. जुनी ट्रॅव्हलर (मिनीबससारखी मोठी व्हॅन), मागं बेड, मधे ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी, ५ किलोचा छोटा सिलिंडर, १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी, बारीक मोरी. मी आणि नवरा दोघंच. घर साताऱ्यात आहे पण जून ते सप्टेंबर जमेल तितकं गाडीतच राहायचं असं दोन वर्षं चाललंय, दोघांचंही काम लॅपटॉपवरचं असल्यामुळं रेंज मिळाली की झालं.

जूनच्या शेवटी कासच्या वर चार दिवस थांबलो आणि तिसऱ्या दिवशीच सुरू झालं. वाळलेला असताना टॉवेल ठीक असायचा, म्हणजे नाकाला लावला तरी काही नाही, पण आंघोळ करून अंग पुसायला घेतला आणि पाणी लागलं की ओल्या पोत्यासारखा वास, आणि मग तो अंगालाच लागायचा. धुतला, परत तोच वास. दोनदा धुतला, परत तोच. मग मी जे बहुतेक सगळे करतात तेच केलं, लिक्विड दुप्पट घातलं आणि वर सुगंधी कंडिशनर. दोन दिवस फुलांचा वास, तिसऱ्या दिवशी फुलं आणि पोतं दोन्ही.

आता कळतंय की ते पूर्ण उलटं होतं. कंडिशनर धाग्यावर एक मेणचट थर चढवतो, म्हणून तर कापड मऊ लागतं, पण त्या थरामुळं टॉवेल पाणी कमी पितो आणि अंगाचं तेल, मेलेली कातडी सगळं त्याखाली अडकून बसतं. जास्तीचं लिक्विडही गाडीतल्या दोन बादल्या पाण्यात कधी नीट निघत नाही. त्यात आम्ही बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी भरतो, जड पाणी, त्यातल्या क्षारांचा थर वेगळाच. म्हणजे जंतूंना खायला आणि लपायला दोन्हीची सोय आपणच करून देतो.

जंतू म्हणजे कोण, तर मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक बॅक्टेरिया. जपानी संशोधकांनी २०१२ साली ह्यावर पेपर छापलाय, धुतलेल्या कपड्यांना ओलं झाल्यावर येणारा जो विशिष्ट वास असतो तो ह्याच्यामुळं तयार होणाऱ्या एका आम्लाचा असतो असं त्यात दाखवलं. आणि मुख्य मुद्दा हा की हा प्राणी वाळवण सहन करतो, ऊनसुद्धा बऱ्यापैकी सहन करतो. हे वाचलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, की वाळल्यावर वास जातो म्हणजे तो मेला असं नाही, तो फक्त पाण्याची वाट बघतोय. म्हणून आता माझी टेस्ट ठरलेली आहे, वाळल्या टॉवेलचा वास घेऊच नका, कोपऱ्यावर कोमट पाणी टाका, दोन मिनिटं थांबा आणि मग घ्या. खरं काय ते तेव्हा कळतं.

तर पहिलं काम टॉवेल मुळापासून साफ करायचं. हे गाडीत होत नाही, मी करून बघितलं, एवढं गरम पाणी नसतं आणि खळबळायला पाणी पुरत नाही. साताऱ्याला घरी गेलो. सासूबाईंच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे, पावसाळ्यात रोज पेटतो. मी सगळे टॉवेल मोरीत टाकले तर त्यांनी वास घेऊन पहिला प्रश्न केला, "साबण किती घालतीस?" सांगितलं. म्हणल्या, "मग आधी साबण काढायला लागंल, मळ नंतर." पूर्वी त्या धुण्याच्या सोड्यात कपडे उकळायच्या आणि परटाकडं भट्टी असायची हे मी ऐकून होते, पण त्यामागचं कारण तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

केलं ते असं. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात बंबाचं कडकडीत पाणी (ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोडा ते काळं करतो आणि खातो), त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, आणि तेवढीच सोडियम परकार्बोनेटची पावडर, ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळते ती. ही गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, साठ डिग्रीच्या आसपास चांगली चालते, गार पाण्यात टाकली तर पैसे वाया. टॉवेल बुडवून चार तास झाकून ठेवले, मधे दोनदा काठीनं ढवळलं. पाणी काढलं तेव्हा ते चहासारखं झालं होतं, आणि हे मी धुतलेले टॉवेल होते! मग नळाच्या पाण्यात चार वेळा खळबळलं, चौथ्या वेळेपर्यंत फेस येत होता, साबण नवीन न घालता. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर, त्यानं क्षार आणि उरलेला सोडा निघतो. व्हिनेगर आणि क्लोरिनवालं ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, विषारी गॅस होतो, गाडीसारख्या बंद जागेत तर अजिबात नाही. परकार्बोनेटच्या पाण्यातही व्हिनेगर नको, त्यासाठी वेगळीच बादली.

कोमट पाण्याची टेस्ट केली, काही वास नाही. मी खूष. परत कासला गेलो आणि पाचव्या दिवशी परत पोतं.

तिथं माझं लक्ष दुसरीकडं गेलं. साफ करणं हे एकदाचं काम, खरा प्रश्न टॉवेल रोज किती तास ओला राहतो हा आहे. आणि हे डोळ्यानं कळत नाही म्हणून मी ओट्यावरचा वजनकाटा घेतला. टर्किश टॉवेल घरी कडक वाळलेला ४८६ ग्रॅम. आंघोळीनंतर ६४० च्या आसपास. गाडीत दोरीवर टाकला, चोवीस तासांनी ५४१. अठ्ठेचाळीस तासांनी सुद्धा ५१५ च्या खाली आला नाही, आणि हाताला तर वाळलेलाच लागत होता! कापूस हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतो, हवा जितकी दमट तितका जास्त, त्यामुळं कासच्या धुक्यात तो ४८६ ला कधी येणारच नाही हे मला मान्य करावं लागलं. पण ६४० वरून ५४१ ला यायला एक अख्खा दिवस लागतोय आणि तेवढ्यात दुसरी आंघोळ येतेय, म्हणजे टॉवेल कधी वाळतच नव्हता.

मग वाटलं वारा पाहिजे, म्हणून चाळकेवाडीला गेलो, पवनचक्क्यांच्या पठारावर. वारा असा की ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूचं कापडी छत, उघडायची सोय नाही. टॉवेल आडोशाला चार चिमटे लावून टाकला आणि तीन तासांनी काट्यावर ठेवला तर १२ ग्रॅम वाढला होता. अर्थात, ढगच जमिनीवर उतरलेला, तो वारा म्हणजे उडतं पाणी. ह्या दिवसानंतर मी ७०० रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घेतला आणि वाऱ्यापेक्षा त्यातल्या आकड्याकडं बघायला लागले.

आकड्यानं सगळ्यात मोठा धक्का दिला तो गॅसचा. सकाळी चहा-नाश्ता करताना आतली आर्द्रता ८४ वरून ९५ ला जायची. एलपीजी जळला की पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागं दीड किलोपेक्षा जास्त वाफ. आम्ही दिवसाला साधारण २०० ग्रॅम जाळतो, म्हणजे ३०० ग्रॅमच्या वर पाणी आपणच हवेत सोडतो, भाताची-आमटीची वाफ वेगळी. झोपेत दोघांच्या श्वासातून आणि अंगातून मिळून अर्धा लिटर तरी. आणि मी टॉवेल कुठं टांगलेला, तर ओट्याच्या वर, "गरम जागा" म्हणून. आता स्वयंपाक करताना छताचा पंखा बाहेर फेकायच्या दिशेनं आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, पाऊस असला तरी. कुकरची शिट्टी तर सरळ पंख्याखाली.

टॉवेलची जागा बदलली हे ह्या सीझनमधलं माझं सगळ्यात आवडतं काम आहे. आमचा बारा व्होल्टचा फ्रीज ड्रायव्हरच्या सीटमागं आहे आणि त्याचा कॉम्प्रेसर मागून गरम हवा सोडतो, ती हवा उगाच बेडखाली जात होती. तिला प्लायच्या दोन फळ्यांचा कप्पा करून वर वळवली, वरती आडवी सळई, खाली कॉम्प्युटरचे दोन १२० मिमी पंखे. एक पंखा पाव अँपिअर खातो, म्हणजे दोन्ही रात्रभर दहा तास चालले तरी पाच एएच, पावसाळ्यात सोलर जेमतेम असतं तरी एवढं परवडतं. गाडीत २१ डिग्री आणि ९३ टक्के असताना त्या कप्प्यात २६ डिग्री आणि ७० टक्के दाखवतो. पाणी तेवढंच आहे हवेत, पण हवा गरम झाली की तिची ओढून घ्यायची ताकद वाढते, आणि पंखा ती टॉवेलजवळून हलवत राहतो. ह्यात टर्किश टॉवेल चौदा तासांत ५२० ला आला. बरा, पण अजून पुरेसा नाही.

मग बामणोली. शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या कडेला जिथं गाडी लावतो तिथल्या मावशींच्या ओसरीवर चहा घेत बसले होते, आत चुलीवर वलणी बांधलेली आणि तिच्यावर सगळ्या घराचे कपडे, धुराचा थोडा वास पण कुबट अजिबात नाही. टॉवेल दिसेना म्हणून विचारलं तर म्हणल्या, "पावसात टावेल कोण वापरतंय बाई, पंचा असतोय. पिळला, झटकला, टाकला." एवढंच. मी त्याच आठवड्यात साताऱ्यातून सहा पंचे आणले.

पंचा १४२ ग्रॅम. अंग पुसल्यावर २३० च्या आसपास. कप्प्यात टाकला की पाच तासांत १५०. टर्किश टॉवेलमधे जाड लूप असतात, पाणी त्यांच्या बुडाशी बसतं आणि तिथं हवा पोचत नाही, पंच्याला बूडच नाही. आणि पिळायचा कसा ह्यावर पण थोडं. पंचा दरवाज्याच्या हँडलला अडकवून दोन्ही टोकं धरून पीळ घालायचा, सुटा करून उलट्या दिशेनं परत घालायचा, मग दोन वेळा जोरात झटकायचा. नुसत्या हातानं पिळलेल्यापेक्षा असा पिळलेला पंचा ३० ग्रॅमनं हलका निघतो, हे मी तीनदा मोजलंय. नवऱ्याचं पहिले चार दिवस म्हणणं होतं की अंग पुसल्यासारखं वाटत नाही, पाचव्या दिवशी त्यानंच सांगितलं की केसांना दुसरा पंचा दे, हा भिजला. टर्किश आता फक्त साताऱ्यात.

अजून एक जागा सापडली ती गाडी चालताना. पुढच्या सीटमागं सळई आहेच, एसी लावला की तो आतल्या हवेतलं पाणी काढून पाइपमधून खाली सोडतो, आपल्याला थेंब पडलेले दिसतात ते तेच. सातारा ते पाटण जाईपर्यंत तीन पंचे कडक झालेले असतात. डिझेल जातं हे खरं, पण तसंही काच धूसर होते म्हणून एसी चालूच असतो.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे पण वापरून बघितले. कपड्यांच्या बंद कप्प्यात चांगले, तिथं एक ठेवलाच आहे. टॉवेलसाठी नाही, त्याचा वेग फार कमी. आणि डबा कलंडला तर ते खारट पाणी पत्रा गंजवतं, म्हणून चालत्या गाडीत नीट बसवा.

आता महिन्यातून एकदाची मोठी धुलाई. इथं आपला सातारा जिल्हा कामाला आला. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आसपास, मधे फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. नागपंचमीनंतरच्या रविवारी कासला धो-धो चालू असताना आम्ही कोरेगाववरून पुसेगावकडं गेलो, रस्ता कोरडा, ढग नुसते वरून पळत होते आणि वारा खरा वाळवणारा. हायग्रोमीटर ५८. झाडाला दोरी बांधली, सकाळी थर्मासमधे आणलेल्या उकळत्या पाण्यात सोडा-परकार्बोनेट करून पंचे भिजवलेलेच होते, दुपारी एकला वाळत घातले आणि चार वाजता सगळे १४२, एक तर १४०. बेडशीट, उश्यांचे अभ्रे पण झाले. पावसाळ्यात ज्यांची गाडी घाटमाथ्यावर असते त्यांनी हे नक्की करा, दीड-दोन तासांचा रस्ता आहे आणि वाटेत कोरेगावला बाजार पण होतो.

रोजचं साबणाचं प्रमाण पण कमी केलंय. एका बादलीला एक छोटा चमचा लिक्विड, पंचाला बास होतं. कंडिशनर बंद. दर चौथ्या धुण्याला शेवटच्या पाण्यात व्हिनेगर.

राहिलेली कामं दोन. पायपुसणं अजून जाडच आहे आणि त्याला वास आहे, मोरीसमोर असल्यामुळं ते कायम ओलं, तिथं लाकडी पट्ट्यांचा पाट करायचा विचार चाललाय. आणि गादीच्या खालच्या बाजूला हात लावला तर गार-ओलसर लागतंय, ते उचलून बघायचं आहे, त्याचा लॉग वेगळा. कोणी गादीखाली हवा खेळती ठेवायला काही केलं असेल तर फोटोसकट सांगा, मापं पण द्या.

आज सकाळी बामणोलीत, बाहेर पाऊस, आत ९१ टक्के, रात्रीचा पंचा १५१ ग्रॅम. कोपऱ्यावर कोमट पाणी टाकून बघितलं, ओल्या सुती कापडाचा वास, बाकी काही नाही.