न केलेली सही

2023 च्या मार्च महिन्याची 29 तारीख होती. मी तेव्हा एका जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्र पुरस्कृत योजनेच्या जिल्हा कार्यालयात लेखाधिकारी होतो. माझी मूळ नेमणूक महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतली, त्यामुळे बदली, पदोन्नती आणि ज्येष्ठता हे सारे वित्त विभागाच्या हाती होते. मात्र माझे टेबल शिक्षण विभागात होते आणि माझ्या कार्यमूल्यमापन अहवालात पहिला अभिप्राय लिहिणारे अधिकारी होते शिक्षणाधिकारी, म्हणजे ज्यांचे खर्चाचे प्रस्ताव तपासण्यासाठी मला तिथे पाठवले होते तेच. या मांडणीत काही अडचण आहे असे तोवर मला कधी तीव्रतेने जाणवले नव्हते, कारण आमचे संबंध चांगले होते. संबंध चांगले असले की रचनेतील दोष झाकला जातो.

त्या वर्षीचा मार्च नेहमीपेक्षा अवघड गेला होता. जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या मागणीसाठी 14 मार्चपासून राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो 20 मार्चला मागे घेण्यात आला. मधल्या दिवसांत आमच्या कार्यालयात कंत्राटी कर्मचाऱ्यांखेरीज फारसे कोणी नव्हते आणि आठवडाभराचे काम उरलेल्या दहा-अकरा दिवसांत येऊन पडले होते. त्यातच खर्चाच्या टक्केवारीचा तगादा होता. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी 1 जुलै 2021 पासून एकल नोडल खात्याची, म्हणजे राज्यात प्रत्येक योजनेसाठी एकाच मुख्य बँक खात्याची पद्धत लागू झाली आणि निधी साधारणपणे वर्षाच्या तरतुदीच्या 25 टक्क्यांपर्यंतच्या हप्त्यांत मिळू लागला. आधी मिळालेल्या रकमेपैकी किमान 75 टक्के खर्च दिसल्याशिवाय पुढचा हप्ता मागता येत नसे. हेतू योग्यच होता, कारण पूर्वी योजनांचा पैसा बँकांच्या असंख्य खात्यांत पडून राहत असे. पण जिल्ह्याच्या पातळीवर या नियमाचे रूपांतर रोजच्या आढावा बैठकीत विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नात होई, ‘तुमचा खर्च किती टक्के झाला?’ वस्तू शाळेत पोहोचली का, हा प्रश्न त्या बैठकांत क्वचितच येई.

दुपारी तीनच्या सुमारास माझ्यासमोर विज्ञान प्रयोगसाहित्याच्या देयकाची संचिका आली. एका तालुक्यातील 64 शाळांना प्रत्येकी एक संच, संचाची किंमत 9,500 रुपये, एकूण 6,08,000 रुपये. जिल्ह्याच्या एकूण खर्चाच्या तुलनेत रक्कम मोठी नव्हती. पुरवठादाराचे देयक, पुरवठा आदेशाची प्रत, 64 पोहोच पावत्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, असे सगळे कागद क्रमाने लावलेले होते. शेवटी तालुक्याचे साठा नोंद प्रमाणपत्र होते, त्यावर दोन सह्या लागतात, तालुक्याच्या लेखापालांची आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची. गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही होती. लेखापालांच्या नावाचा शिक्का मारलेला होता आणि शिक्क्यावरची जागा कोरी होती.

घाईत सही राहून जाते, त्यात नवल नाही. मी दूरध्वनी केला. त्या लेखापाल मॅडम दहाएक वर्षे गटसाधन केंद्रात करार पद्धतीने काम करीत होत्या आणि त्यांच्या हिशोबात मला कधी खाडाखोड आढळली नव्हती. मी विचारले, “मॅडम, प्रमाणपत्रावर तुमची सही राहिली आहे का?” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “सर, सही राहिलेली नाही. मी केलेली नाही. मला एवढंच सांगता येईल.”

त्यांनी आणखी काही सांगितले नाही आणि मीही आग्रह केला नाही, कारण त्या कुठे बसल्या आहेत आणि शेजारच्या खोलीत कोण बसले आहे हे मला माहीत होते. संचिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पोहोच पावत्यांवरच्या सह्या वेगवेगळ्या होत्या, शाळांचे शिक्के खरे होते, परंतु चौसष्टपैकी सदतीस पावत्यांवर एकच तारीख होती, 16 मार्च. त्या दिवशी संप ऐन भरात होता आणि त्या तालुक्यातील जवळजवळ सर्व शाळा बंद असल्याचा अहवाल त्याच गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आमच्याकडे आलेला होता. तो अहवाल मी आस्थापना शाखेतून मागवून घेतला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

त्यानंतरचे दोन तास मी आणि माझे कनिष्ठ सहकारी मुख्याध्यापकांना दूरध्वनी करीत होतो. आम्ही एकच प्रश्न ठरवला होता, ‘संच या क्षणी शाळेत आहे का?’ पोहोच दिली का, असे मुद्दाम विचारले नाही, कारण त्या प्रश्नाने मुख्याध्यापक अडचणीत आले असते आणि उत्तरे सावध झाली असती. सायंकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले. 27 शाळांत संच होते आणि मुलांनी ते वापरलेही होते. एका शिक्षिकेने तर भिंगांच्या प्रयोगाचे वर्णनच सुरू केले. उरलेल्या 37 शाळांत काहीही आलेले नव्हते. ‘गाडी दोन दिवसांत येते आहे, मार्चअखेरीमुळे आधी पोहोच द्या’ असा निरोप त्यांना मिळाला होता. कोणी एकाने पैसे खाण्याचा बेत केला होता असे मी आजही म्हणणार नाही. पुरवठादाराकडे माल उशिरा आला होता आणि सगळ्यांनी मिळून कागद पुढे व वस्तू मागे, असा क्रम स्वीकारला होता. वस्तू मागाहून कधीच आली नाही तर काय, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

सहाच्या पुढे मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात गेलो. ते सज्जन अधिकारी होते, हे आवर्जून नोंदवतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, माल येणारच आहे. आता थांबवलं तर आपली टक्केवारी पडेल, पुढचा हप्ता अडकेल आणि त्यात शिक्षकांची प्रशिक्षणं अडकतील. तुम्ही आक्षेप लिहू नका, आपण चर्चा करू.” त्यांची काळजी खोटी नव्हती. पण मुंबई वित्तीय नियमांनुसार निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्यामुळे हातचा जाऊ नये, एवढ्याच कारणाने आगाऊ रक्कम काढणे निषिद्ध आहे आणि केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतील खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. मी ते नियम सांगितले. त्यांना ते पाठ होते. खोलीत आम्ही दोघे, टेबलावर संचिका, आणि दोन-तीन महिन्यांनी माझ्या वर्षभराच्या कामावर शेरा लिहिणारी लेखणी त्यांच्या खिशात. त्यांनी धमकीचा एक शब्दही उच्चारला नाही, तरी ती गोष्ट त्या वेळी माझ्या मनात आली, हे मला मान्य केले पाहिजे.

रात्री टिप्पणी लिहायला बसलो तेव्हा मात्र मी स्वतःचा विचार करीत नव्हतो, त्या कोऱ्या जागेचा करीत होतो. ही टिप्पणी माझ्यावर उलटली असती तर माझे काय झाले असते? एखादी श्रेणी खाली आली असती. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या देव दत्त प्रकरणातील निकालापासून अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळवावी लागते, म्हणजे मला निवेदन देता आले असते. फार तर बदली झाली असती, तीही माझ्याच विभागाने केली असती. त्या मॅडमचा करार मात्र 31 मार्चला संपत होता. नवा आदेश मिळण्यासाठी ‘काम समाधानकारक’ असा अहवाल लागत असे आणि तो लिहिण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांना होता. ज्या प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली नाही, त्याच प्रमाणपत्रावर त्या अधिकाऱ्यांची सही वर झळकत होती. करार संपायला दोन दिवस उरले असताना त्यांनी ती जागा कोरी ठेवली होती. संपाच्या काळात कंत्राटी असल्यामुळे त्या रोज कार्यालयात होत्या, आणि 16 मार्चला कुठलीही गाडी आलेली नाही हे त्यांना प्रत्यक्ष माहीत होते.

आपल्या वित्तीय व्यवस्थेत दोन हातांचे तत्त्व फार जुने आहे. सरकारी देयकांच्या पीएफएमएस या संगणक प्रणालीवरही देयक तयार करणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा असतो, दोघांचे संकेतशब्द वेगळे असतात. संगणकाला दोन व्यक्ती दिसतात. पण तालुक्यात एका किल्लीवाल्याची भाकरी दुसऱ्या किल्लीवाल्याच्या हाती असेल, तर कुलपाला किल्ल्या दोन असूनही हात एकच उरतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना संविधानाच्या अनुच्छेद 148 ने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांइतके संरक्षण दिले आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेची यंत्रणाही जिल्हा परिषदेच्या बाहेरची, वित्त विभागाच्या अखत्यारीतली आहे. हे सर्व जण पैसे गेल्यानंतर येतात. पैसे जाण्याआधी जी व्यक्ती थांबवू शकते, ती जितकी खालच्या पायरीवर, तितकी ती ज्याला थांबवायचे त्याच्यावर अवलंबून असते. त्या रात्री मला हे नियमांच्या पुस्तकातून कळले नाही, एका शिक्क्यावरच्या रिकाम्या जागेतून कळले.

टिप्पणी मी दोन पानांची लिहिली. 27 संचांचे 2,56,500 रुपये देय आहेत, 37 संचांचे 3,51,500 रुपये प्रत्यक्ष पुरवठ्यानंतरच देय होतील, असा अभिप्राय दिला. संपाचा अहवाल आणि दूरध्वनी पडताळणीचा तक्ता जोडला. लेखापालांनी सही नाकारली, असे कुठेही लिहिले नाही. ‘पोहोच पावत्यांवरील दिनांक व शाळा बंद असल्याचा अहवाल यांत विसंगती आढळली’ एवढेच लिहिले, म्हणजे शोध माझ्या टेबलावर लागला अशी नोंद राहिली. ते पूर्ण सत्य नव्हते. त्या मॅडमच्या हिमतीचे श्रेय मी कागदावर त्यांना देऊ शकलो नाही, याची खंत मला आजही आहे, पण श्रेय देणे म्हणजे त्यांचे नाव त्यांच्याच वरिष्ठांपुढे ठेवणे होते.

30 तारखेला रामनवमीची सुट्टी होती, तरी मार्चअखेरीमुळे कार्यालय उघडे होते. शिक्षणाधिकाऱ्यांनी संचिकेवर ‘चर्चा केली’ असे लिहून स्वतःचे मत न देता ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवली. मी तत्पूर्वी जिल्हा परिषदेच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना भेटून सर्व सांगितले होते. ते माझ्याच सेवेतील वरिष्ठ, अर्थ समितीचे सचिव. समग्र शिक्षेच्या संचिका औपचारिकरीत्या त्यांच्याकडे जात नसत, तरी त्यांनी ती वाचली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी बोलले. मला जाता आले असे दुसरे एक दार होते, हे यातले महत्त्वाचे. तालुक्याच्या लेखापालांना असे दार नव्हते. 31 तारखेला सकाळी शेरा आला, ‘लेखाधिकाऱ्यांच्या अभिप्रायाप्रमाणे कार्यवाही करावी.’ दुपारपर्यंत 27 संचांचे पैसे गेले. जिल्ह्याच्या खर्चाच्या टक्केवारीत पडलेला फरक नगण्य होता.

एप्रिलमध्ये इतर तालुक्यांतील लेखापालांचे करार नूतनीकरणाचे आदेश निघाले, या एका तालुक्याचा अहवालच आला नाही. मी तीनदा स्मरणपत्र पाठवले. मॅडमनी त्या काळात एकदाही मला दूरध्वनी केला नाही. त्या रोज कामावर येत होत्या, मानधनाशिवाय. शेवटी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल आला, त्यात ‘समाधानकारक’ हा शब्द होता आणि पुढे ‘वरिष्ठांशी समन्वय वाढवणे आवश्यक’ अशी जोड होती.

त्याच महिन्यात मी एक प्रस्ताव सादर केला. तालुका लेखापालांच्या कामाचा अहवाल दोन भागांत असावा, हजेरी व कार्यालयीन शिस्तीबाबत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लिहावे आणि लेखाविषयक कामाबाबत जिल्ह्याच्या लेखाधिकाऱ्यांनी. तसेच अहवाल मुदतीत आला नाही तर तो अनुकूल समजून करार पुढे चालू ठेवावा. पहिला भाग त्या वर्षापुरता स्वीकारला गेला. दुसरा भाग ‘धोरणात्मक बाब’ म्हणून वर पाठवला गेला, आणि ऑगस्टमध्ये माझी बदली झाली तेव्हा त्यावर उत्तर आलेले नव्हते.

राहिलेले 37 संच जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतर पोहोचले. सुधारित साठा नोंद प्रमाणपत्र 19 जूनला माझ्याकडे आले. या वेळी त्यावर दोन्ही सह्या होत्या, आणि लेखापालांच्या सहीखाली शिक्क्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘37 शाळांपैकी 9 शाळांत स्वतः जाऊन पाहिले.’