मेस्त्रीसमोर साळसूद

आमची मोटरसायकल रोज बंद पडत नाही, हेच खरं दुखणं. रोजच बंद पडली असती तर टेम्पोत घालून गॅरेजला टाकली असती. ही दहा दिवस एका सेल्फला चालू होते आणि अकराव्या दिवशी, धोपाव्याहून निघालेली फेरीबोट दाभोळच्या धक्क्याला लागली की ‘टक्’ करून गप्प. मीटरसुद्धा मालवतो. मागे जीपवाला हॉर्नवर हात ठेवून. मग बोटीवरची दोन पोरं आणि मी तिला ढकलत चढावर नेतो. वर पोचल्यावर उगाच बटण दाबलं की भर्रकन चालू! त्या वेळी ती पोरं माझ्याकडे कशी बघतात, ते सांगवत नाही.

मेस्त्रीच्या दारात तर इतकी साळसूद, की आजारी मीच वाटावा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बॅटरी बदलली, साइड स्टँडचा स्विच साफ केला, प्लगही नवा टाकला. (इंजिन फिरतच नव्हतं, तिथे ठिणगी काय करणार? पण हे शहाणपण पैसे गेल्यावरचं.) शेजारच्या काकांनी तर नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. माझी मुलगी सीटवर बसून प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणत होती. त्यानंतर गाडी सतरा दिवस विनातक्रार चालली, हे कबूल करायला हवं.

शेवटी मेस्त्री म्हणाला, “आता बंद पडली की ढकलू नका, हलवू नका. आहे तिथून फोन करा.”

ती कृपा झाली आमच्याच अंगणात, सकाळी सात वाजता. मेस्त्री मल्टीमीटर घेऊन आला. बॅटरी 12.6 व्होल्ट, ठणठणीत. मग त्याने एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. “दाबा सेल्फ.” आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता, तो तीनच्या पुढे गेला. निगेटिव्ह वायर चासीला जिथे आवळलेली असते, तो बोल्ट त्याने सोडवला. खाली हिरवट खरपुडी. घर समुद्राला लागून; खारं वारं खिडक्यांचे गज खातं, ते तांब्याला कशाला सोडेल? दिव्याला चिमूटभर करंट पुरतो, स्टार्टरला ओंजळी ओंजळी लागतो, आणि तो त्या खरपुडीतून जाईना. ढकलताना बसलेल्या हिसक्याने वायर जराशी हलायची, की पुन्हा धातूला धातू टेकायचा. म्हणजे त्या पोरांसमोर गाडी दुरुस्त मीच करत होतो, नकळत.

पॉलिशपेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन चोपडलं. दहा मिनिटं.

“किती झाले?”

“द्या पन्नास.”

नव्या बॅटरीचं बिल आठवून मी पाकीट काढत होतो, तेवढ्यात गडग्यापलीकडून काकांचा आवाज आला, “काय रे, लागला ना गुण?”