पऱ्हाटीच्या जाळावरचं भरीत

चंपाषष्ठी होऊन आठवडा झाला होता. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवसापासून पुन्हा पानात येतं, म्हणून खानदेशातल्या खानावळी पालथ्या घालायला आम्ही दोघांनी हाच मुहूर्त धरला. मित्र गाडी चालवणार, मी वही सांभाळणार आणि गुण दोघांनी मिळून द्यायचे, असं ठरलं. रस्ता जळगाव, भुसावळ, तापी ओलांडून बामणोद, फैजपूर आणि शेवटी रावेर.

पहिलाच थांबा वाया गेला. महामार्गावरच्या एका ढाब्यावर भरीत मागवलं, तर फ्रीजमधलं गरम करून आणलेलं. मिक्सरमधून काढलेलं ते वांगं इतकं गुळगुळीत होतं की दाताखाली काही येतच नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्याच जिल्ह्यात त्याची ही गत!

भुसावळला शेवभाजीने मन राखलं. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत असताना, अगदी वाढायच्या वेळी शेव पडली पाहिजे. आधी टाकली की लगदा होतो. इथे ती टोकाला अजून कुरकुरीत होती. मित्र आठ म्हणाला, मी साडेआठ.

तापी ओलांडली की दोन्ही हातांना केळीच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुडा दिसतो. बामणोदच्या अलीकडे रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती, बाहेर धूर. पाटी नव्हती. एक मावशी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजत होत्या. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर लांब वाटावीत अशी. आम्ही तिथेच बसलो.

पऱ्हाटीचा जाळ भडकून पटकन खाली बसतो. तेवढ्यात साल करपली पाहिजे आणि आतला गर शिजला पाहिजे. मावशी डोळे बारीक करून वांगं फिरवत होत्या. देठाजवळ दाबून बघायच्या, मऊ लागलं की बाजूला. मग साल काढून लाकडी भांड्यात ठेचणं. हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच ठेचून ठेवलेले, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेलाची फोडणी. गराचे धागे सुटे राहिले होते. बियांचा त्रास जवळजवळ नाहीच, कारण या वांग्यात त्या मुळात कमी असतात.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत काळे उडीद घालून दळलेल्या पिठाची, चुलीवरून थेट ताटात. पहिल्या घासाला धूर लागतो, मग मिरची, मग उडदाचा खमंगपणा. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

"घे ना रे भो, लाजू नको," म्हणत मावशींनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

माझं ठाम मत आहे की भरिताला गुण ताट समोर यायच्या आधी, जाळापाशी उभं राहून द्यावेत. गॅसवर साल जळते, पण तो धूर गरात उतरत नाही.

हात धुऊन आल्यावर मावशींनी विचारलं, "काय लिहिलं वहीत?" मित्राने वाचून दाखवलं: भरीत दहापैकी दहा. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आज लसूण जरा जास्त पडला. तेबी लिही."

मित्राने वही माझ्या हातातून घेतली आणि तेही लिहिलं.