फंको पॉपमधून 'हॉलो नाइट' घडवताना

फंको कंपनीच्या पॉप बाहुल्यांबद्दल संग्राहकांमध्ये एक तक्रार कायम ऐकू येते. पात्र कोणतेही असो, शेवटी तेच भलेमोठे डोके, तेच दोन काळे गोल डोळे आणि त्याखाली जेमतेम तोल सांभाळणारे इवलेसे शरीर. ज्या पात्रांची सारी ओळख चेहऱ्यावरच्या भावांत असते, त्यांच्यावर हा साचा अन्यायच करतो. 'हॉलो नाइट' या व्हिडिओ गेमच्या नायकाला मात्र तो इतका चपखल बसतो की, पॉप बाहुलीचे रूपांतर करण्याची हौस असणाऱ्याने सुरुवात याच पात्रापासून करावी, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूने २०१७ साली हा गेम आणला. ॲरी गिब्सन यांनी हाताने रेखाटलेली चित्रे हा त्याचा प्राण आहे. हॅलोनेस्ट नावाच्या उद्ध्वस्त कीटकराज्यात उतरलेला हा चिमुकला योद्धा एक शब्दही बोलत नाही. दोन शिंगांचा पांढरा मुखवटा, त्यात डोळ्यांच्या जागी काळा अंधार, अंगावर करड्या-निळसर रंगाचा झगा आणि हातात खिळा म्हटली जाणारी तलवार, एवढाच त्याचा सरंजाम. नाक नाही, तोंड नाही, भुवया नाहीत.

पायाभूत बाहुली निवडताना मी टक्कल असलेली आणि पायघोळ कपडे घातलेली बाहुली शोधली, तीही खोक्याशिवायची. खोके शाबूत असलेल्या पॉपला संग्राहक चांगला भाव देतात आणि अशी बाहुली फोडायला हात धजावत नाही; सुटी, थोडी खरचटलेली बाहुली मात्र स्वस्तात मिळते. ती गरम पाण्यात काही वेळ ठेवली की तिचे व्हिनाइल, म्हणजे ज्या प्लास्टिकची ती बनलेली असते ते, मऊ पडते आणि डोके मानेच्या खुंटीवरून पिळून अलगद निघते. त्यानंतर भांड्यांच्या साबणाने ती स्वच्छ धुणे अत्यावश्यक आहे, कारण हाताचा आणि साच्याचा तेलकटपणा राहिला तर वरचा रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

खरा पेच शिंगांचा आहे. पडद्यावरचे चित्र सपाट असल्यामुळे शिंग किती जाड, हा प्रश्न चित्रकाराला पडत नाही, बाहुली करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. कागदासारखे पातळ केले तर समोरून बरोबर दिसणारे शिंग बाजूने पाहताच नाहीसे होते, आणि पूर्ण गोल केले तर आपला योद्धा पोळ्याच्या बैलासारखा दिसू लागतो. मी मधला मार्ग घेतला: बुडाशी रुंद, पुढून-मागून चेपलेले आणि किंचित मागे झुकलेले शिंग. डोक्याला बारीक भोके पाडून त्यांत तांब्याची तार बसवली, तारेभोवती ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळली आणि त्यावर एम-सीलचा पातळ थर दिला. फॉइल वगळून सगळे शिंग एम-सीलचेच केले तर डोके इतके जड होते की बाहुली तोंडावर पडते. शाडूची माती या कामाला चालत नाही. ती सुकताना आकसते आणि गुळगुळीत व्हिनाइलला धरून राहत नाही, तर एम-सील रासायनिक क्रियेने कडक होत असल्यामुळे जिथे लावली तिथेच बसते. ती मऊ असण्याचा अवधी मात्र थोडा असतो, म्हणून दोन्ही शिंगांना एकाच बैठकीत आकार द्यावा आणि मधूनमधून बाहुली आरशात पाहावी. सरळ पाहताना न जाणवणारा तिरपेपणा आरशात लगेच उघड होतो.

डोळ्यांसाठी बहुतेक जण काळा रंग वापरतात आणि त्यावर चमकदार वॉर्निश देतात. मला ते पटत नाही. चमकणाऱ्या डोळ्यात उजेड पडतो, उजेड पडला की नजर येते, आणि या पात्राला नजर असताच कामा नये. गणपतीच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी सर्वांत कसबी हाताकडे सोपवतात, कारण तिथे मूर्तीने आपल्याकडे पाहायला हवे असते. इथे काम नेमके उलटे आहे. पॉपचे डोके आतून पोकळच असते. तेव्हा मुखवट्यावर लंबगोल डोळे आखले, धारदार पात्याने ते आरपार कापून काढले, कडा घासून पातळ केल्या आणि मानेच्या भोकातून ब्रश घालून आतली बाजू चमकविरहित काळ्या रंगाने रंगवली. आता बाहुली कोणत्याही कोनातून पाहिली तरी डोळ्यांत केवळ अंधार दिसतो.

झग्यासाठी एम-सील टाल्कम पावडरवर लाटून पातळ पोळी केली, खांद्यावरून सोडली आणि खालची कडा ओल्या बोटाने ओढून टोकदार केली. तलवार प्लास्टिकच्या पट्टीतून कापली. गेममध्ये लोहाराकडून तलवार टप्प्याटप्प्याने सुधारून घेता येते, परंतु मी सुरुवातीची बोथट, झिजलेलीच ठेवली.

रंगाबाबत एकच इशारा देतो. हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही स्प्रे थेट व्हिनाइलवर मारू नये. काही स्प्रेंमधील द्रावक व्हिनाइलला मऊ ठेवणाऱ्या घटकांशी जुळत नाहीत आणि पृष्ठभाग महिनोन्महिने चिकट राहतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, पातळ हातांनी, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन लावावा. पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब मिसळावा, कारण गेममध्येही मुखवटा निखळ पांढरा क्वचितच भासतो; सतत पाऊस कोसळणाऱ्या सिटी ऑफ टीअर्समध्ये तो निळसर, तर ग्रीनपाथच्या झाडोऱ्यात हिरवट वाटतो. मुखवट्यावर तडे, ओरखडे, रक्ताचे शिंतोडे काढण्याचा मोह मात्र आवरावा. या आकाराचे सौंदर्य त्याच्या रिकामेपणात आहे आणि तिथे हौसेने भरलेली प्रत्येक रेघ त्यातून काहीतरी वजाच करते.

गेममध्ये हा योद्धा बाकावर बसला की त्याची ताकद भरून येते आणि खेळ जतन होतो, त्यामुळे त्याच्यासाठी नक्षीदार बाक करावा असे मनात होते. परंतु पॉपचे पाय वाकत नाहीत आणि गरम पाण्यात मऊ करून वाकवले तरी इतके आखूड पाय बाकाच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. बाक करायचा तर झग्याखालचे सगळे शरीर कापून नव्याने घडवावे लागेल, आणि त्यासाठी आणखी एक खोके नसलेली बाहुली शोधणे सुरू आहे.