दर वाढवायला गेलो तेव्हा पोरगं मागेच उभं होतं

जळगावात काचा पुसायचा धंदा करतो म्हटलं की लोक आधी हसतात. घरच्या काचा बाई पुसते, दुकानाच्या काचा पोऱ्या पुसतो, त्यात धंदा कसला? पण हायवेला लागून ज्या नवीन बिल्डिंगा झाल्या त्या समोरून पूर्ण काचेच्या झाल्या, आणि त्यातल्या कित्येकांचं तोंड पश्चिमेला. 44-45 डिग्रीच्या गावात पश्चिमेला आख्खी काच लावा सांगणारे आर्किटेक्ट कोणत्या कॉलेजात शिकतात हे एकदा विचारायचंय मला, पण त्यांच्यामुळेच माझं घर चालतं म्हणून गप्प बसतो.

तर ज्यांचं सांगतोय ते कपड्याचं शोरूम, तीन मजली. महिन्यातून दोनदा जायचं, 3200 महिना. लॉकडाऊननंतर ते उघडलं तेव्हा ठरलेला आकडा, तोच चालू. दर वाढवायचा म्हणजे कधी, हा आमच्याकडे मोठाच प्रश्न असतो. दिवाळीच्या आधी सांगितलं तर लोकांना वाटतं गर्दी पाहून अडवतोय. पावसाळ्यात कामच कमी, तेव्हा तोंड उघडलं तर म्हणतील राहू दे, दिवाळीलाच ये. आणि पैसे घ्यायला गेलो त्याच दिवशी सांगणं तर सगळ्यात वाईट, समोरचा पाकीट काढता काढता थांबतो. म्हणून मी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया धरली. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवीन सुरू होतं, मालक-सालदार समोरासमोर बसतात, आकडा ठरतो, नाही पटलं तर माणूस दुसऱ्याच्या शेतावर. खान्देशातल्या शेठला हे समजवावं लागत नाही, त्याच्या बापाने सालदार ठेवलेले असतात. महिनाभर आधी सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅप टाकला, दोन ओळी, आखाजीपासून नवा दर इतका. पेट्रोल वाढलं, महागाई वाढली असलं काही लिहिलं नाही. कारणं लिहिली की लोक कारणांशी भांडत बसतात आणि आकडा तिकडेच राहतो.

दोन दवाखाने आणि एका सीएच्या ऑफिसने ‘ओके’ पाठवलं. शोरूमच्या मॅनेजरने दोन निळ्या टिका दिल्या आणि गप्प. मॅनेजर लोकांचं हे नेहमीचं, वाईट बातमी शेठपर्यंत आपल्या तोंडाने जाऊ द्यायची नाही.

त्या दिवशी नेहमीसारखं सहाला काम सुरू केलं. उन्हाळ्यात पश्चिमेची बाजू सकाळीच उरकावी लागते. काच तापली की साबणाचं पाणी वायपर फिरवायच्या आधीच वाळतं आणि चट्टे राहतात, मग कितीही घासा. वरचे मजले लांब पोलने, खाली हाताने. सोबत माझं पोरगं, म्हणजे मुलगा नव्हे, कामावरचा. पारोळ्याकडचा आहे, हात चांगला. वायपरच्या रबराची धार कुठे गेलीय हे मी सांगायच्या आधी काचेवरच्या बारीक रेघेवरून त्याला कळतं. ही नजर पैसे देऊन मिळत नाही.

दहाच्या सुमाराला शेठ आले, मला आत बोलावलं. बादली घेऊन पोरगंही मागोमाग आलं.

“एकदम हजार वाढवले तू?”

म्हटलं, “शेठ, इतकी वर्षं थांबलो म्हणून एकदम वाटतंय. दर आखाजीला दोन-अडीचशे वाढवले असते तर तुम्हाला कळलंही नसतं.”

त्यांनी मोबाईल पुढे केला, दुसऱ्या कोणाचं कोटेशन, 2800. खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा. मी लगेच म्हटलं, शेठ 18 टक्के लावा, 3304 होतात, माझी उलाढाल 20 लाखांच्या आत म्हणून मला नोंदणीच लागत नाही, माझ्या आकड्यावर काही चढत नाही. शेठ हसले, “ते 504 मला क्रेडिटमध्ये परत मिळतात रे.” गप्पच झालो. कपड्याच्या व्यापाऱ्याला जीएसटी शिकवायला जाऊ नये.

मग मी कोटेशनमधली दुसरी ओळ दाखवली, ‘पाणी पार्टीचे’, म्हणजे पाणी गिऱ्हाइकाच्याच नळाचं. त्यांना बाहेर नेलं. शोरूमचा डक्ट कूलर मागच्या गल्लीत बसवलाय, त्याचे शिंतोडे तिथल्या एका काचेवर उडतात. ती काच आमच्या कामात नाही, मागची म्हणून त्यांनीच काढून टाकलेली. सगळी पांढरीफटक. हे बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार बसतात, थर वाढत जातो आणि फार दिवस राहिला की काचच खाल्ली जाते, मग सायट्रिक अ‍ॅसिडनेही निघत नाही. काही दिवटे यावर संडासचं अ‍ॅसिड मारतात, त्याने अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम काळी पडते, आणि मग आम्हाला फोन येतो. खिशातून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र काढलं, त्यांच्या नळाखाली धरलं, 1100 च्या वर. पिण्याच्या पाण्याला 500 च्या आत बरं धरतात. मग माझ्या कॅनमधलं पाणी दाखवलं, आरओचं, 60 च्या आसपास. शेवटचा हात मी याच पाण्याने मारतो, कॅन मी स्वतः वाहून आणतो, आणि हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. शेठ नखाने त्या काचेवरचा थर खरवडून पाहत होते. निघाला नाही.

“चार हजार. आणि ही मागची काच पण घे.”

घेतलं. दोनशे सोडले त्याचं दुःख नाही, पण ती मागची काच साफ करायला एक आख्खी सकाळ जाणार हे शेठला बरोबर कळलेलं होतं. याला म्हणतात व्यापारी.

गाडीवर सामान बांधत होतो, पोरगं म्हणालं, “अण्णा, आखाजी उनी ना, मनं बी साल ठरई टाका.” त्याचा बाप सालदार आहे, हे मला माहीत होतं, पण तेव्हा डोक्यात नव्हतं. रोज 450 देतो. म्हटलं किती? 550. मी म्हटलं, एकदम शंभर?

“इतले वरीस थांबनू म्हनीसन एकदम वाटी ऱ्हायनं.”

माझंच वाक्य, अहिराणी करून. हसूही आलं आणि रागही आला. हिशेब पाहा ना, शोरूमचे महिन्याला आठशे वाढले, याचे महिन्यात पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार वाढतात. सगळ्या गिऱ्हाइकांनी हो म्हटलं तर पाच-एक हजार वर येतात, पण सगळे कुठे हो म्हणणार, आणि उन्हाळ्यात सहा ते दहाच काम, पावसाळ्यात तर अर्धे दिवस बसून. मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, पोराला आत नेलंच कशाला, मालकाची बोलणी नोकरासमोर करू नये. मला हे पटत नाही. पण बाहेर ठेवलं असतं तर यंदा 450 वरच राहिला असता हेही खरं, आणि ते खरं आहे म्हणून जास्त टोचतं. शेठने माझ्याशी जे केलं तेच मी त्याच्याशी करायला निघालो होतो, आधी “एकदम?” म्हणायचं आणि मग थोडं कापून वर एक काम चिकटवायचं. माझ्याकडे तर मीटर होतं दाखवायला. त्याने काय दाखवावं, रबराची रेघ?

शेवटी म्हटलं, 525, आणि पावसाळ्यात काम नसेल त्या दिवशी अर्धा रोज. हे अर्ध्या रोजाचं त्याने मागितलं नव्हतं, मीच बोलून गेलो. त्याने लगेच हो म्हटलं नाही. बापाला विचारून सोमवारी सांगतो म्हणाला.