एका पुशवर सतरा डिप्लॉय

इमेज रजिस्ट्री, म्हणजे अॅपची तयार पॅकेजेस (इमेजेस) ठेवायचं कोठार, आम्हीच चालवतो, ‘डिस्ट्रिब्यूशन’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर. नवी इमेज पुश झाली, म्हणजे रजिस्ट्रीत चढवली, की टेस्ट सर्व्हरने ती आपोआप उचलून चालवावी (डिप्लॉय), एवढंच हवं होतं. रजिस्ट्री असा निरोप (इव्हेंट) आपण दिलेल्या पत्त्यावर पाठवू शकते. म्हणून कॉन्फिगमध्ये नोटिफिकेशन्सखाली माझ्या सर्व्हरचा यूआरएल, ऑथरायझेशन हेडर (ओळख पटवणारं गुप्त टोकन) आणि उदाहरणातला ५०० मिलिसेकंदांचा टाइमआउट जसाच्या तसा घातला, रजिस्ट्री रीस्टार्ट केली, इमेज पुश केली. कंटेनर, म्हणजे त्या इमेजवरून चालणारं अॅप, सुरू झाला. मग पुन्हा. मग पुन्हा. मी थांबवेपर्यंत सतरा वेळा.

एका पुशमागे एकच निरोप येणार, हे मी धरूनच चाललो होतो. येतात बरेच: अपलोड झालेल्या लेयर्सचे (इमेजच्या तुकड्यांचे) वेगळे, मॅनिफेस्टचा (त्या तुकड्यांच्या यादीचा) वेगळा. शिवाय पुलचाही, म्हणजे इमेज उतरवून घेतल्याचाही, इव्हेंट येतो! म्हणजे माझा सर्व्हर पुश ऐकून पुल करायचा, त्या पुलचा निरोप त्याच्याकडेच यायचा आणि तो परत पुल करायचा. त्यात भर म्हणजे सगळं डिप्लॉय उरकल्यावर मी उत्तर देत होतो. अर्ध्या सेकंदात ते कसलं होतंय? रजिस्ट्री तोच इव्हेंट पुन्हा पाठवायची.

पुल आणि लेयर्सचे इव्हेंट कॉन्फिगमधल्या ‘इग्नोर’मध्ये टाकले. हँडलर (निरोप घेणारा माझा कोड) आता लगेच २०२, म्हणजे ‘मिळालं’, असं उत्तर देतो, काम रांगेत लावतो आणि तोच इव्हेंट आयडी दुसऱ्यांदा दिसला तर सोडून देतो.

सुरक्षेवर मात्र दोन दिवस गेले. या निरोपांवर एचमॅक सही (मजकूर खरा आहे हे गुप्त किल्लीने पटवणारी खूण) नसते, फक्त आपण ठरवलेलं टोकनचं हेडर. टोकन ज्याच्या हाती पडलं तो काहीही पाठवू शकतो. म्हणून निरोपाला मी फक्त दारावरची टकटक समजतो. रिपॉझिटरीचं (रजिस्ट्रीतल्या इमेजच्या कप्प्याचं) नाव आमच्या यादीत आहे का ते बघायचं, आणि निरोपातल्या डायजेस्टचा (मजकुरावरून काढलेल्या ठशाचा) मॅनिफेस्ट रजिस्ट्रीकडून स्वतः मागायचा. निरोपात आलेल्या यूआरएलवर जायचं नाही, रजिस्ट्रीचा पत्ता आपल्याच कॉन्फिगमधून घ्यायचा. डिप्लॉयही टॅगवरून नाही, डायजेस्टवरून, कारण टॅग हे नुसतं नाव, पुश करू शकणारा कोणीही ते दुसऱ्या इमेजवर सरकवू शकतो. सगळं अर्थात एचटीटीपीएसवरून.

हे सगळं करून निवांत बसलो आणि लक्षात आलं, डीबगिंगसाठी मी सगळे हेडर्स छापत होतो. टोकन लॉगमध्ये उघडं, आणि लॉग अख्ख्या टीमला दिसतो. टोकन बदललं. रजिस्ट्री रीस्टार्ट होईपर्यंत हँडलर जुनं-नवं दोन्ही चालवून घेत होता, मग जुनं काढलं. आता लॉगमध्ये टोकनच्या जागी नुसत्या फुल्या दिसतात.